जोडवं अडकेल एवढा टाका

शिवणकामातली चूक सापडते ती रात्रीच. दिवसभर मशीन सुरळीत चाललेलं असतं, वरची बाजू देखणी दिसत असते. झालंच आता, घडी घालून ठेवू म्हणून गोधडी उलटी करावी, तर खालच्या अस्तराला मधोमध चांगली वीतभर चुणी. शिवण तिच्यावरून पुढे गेलेली, म्हणजे चुणी आता पक्की झालेली. अशा वेळी सगळ्या घरांत एकच गोष्ट होते. गोधडी गोळा होते, पिशवीत कोंबली जाते आणि पिशवी कपाटावर चढते. ‘उद्या बघू.’ त्या उद्यावर कितीतरी पावसाळे जातात. शिवणाऱ्या कुठल्याही बाईच्या घरी जाऊन कपाटाच्या वर बघा. ती पिशवी असतेच.

माझ्या भाचीची पिशवी यंदा चढली. पुण्यात नोकरी करते, शिवणयंत्र हौसेने घेतलं आणि मैत्रिणीच्या बारशाला स्वतः शिवलेली गोधडी द्यायची असं ठरवलं. आमच्या लहानपणी गोधडीसाठी कुणी कापड विकत आणलं असतं तर लोक हसले असते. हिने आणलं. खण, कलमकारी, इंडिगो, सगळं कोरं आणि सगळं महाग. चौकोन कापले, जोडले. शेवटी ओळींशी ओळी जुळवायला घेतल्या तर एक ओळ दुसरीपेक्षा जवळजवळ दोन इंच आखूड!

हे कसं होतं ते सुताराला चटकन कळेल, कारण तो सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ओळीत 16 चौकोन असले की मध्ये 15 शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दाब, म्हणजे शिवणीच्या आत जाणारी कापडाची कड, एकेक सूत जास्त गेला, म्हणजे दोन्ही कापडांकडून अर्धं-अर्धं सूत, तर शेवटी 15 सूत गेले, पावणेदोन इंचांच्या वर. अर्धं सूत डोळ्याला दिसतसुद्धा नाही. चूक एका जागी नसतेच, त्यामुळे ती एका जागी दुरुस्तही होत नाही. भाचीने आखूड ओळ ताणून कशीबशी बसवली, पुढे गेली, आणि मग अस्तराची ती चुणी निघाली.

चुणीमागेही यंत्राचा स्वभाव आहे. मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात, वरचं पाऊल वरच्या कापडाला दाबून धरतं. मध्ये कापसाचा थर असला की तिघं तीन वेगाने चालतात. कच्चे टाके दाट घातलेले नसले, किंवा मधून सुरुवात करून कडेकडे सरकत गेलं नाही, तर सुटलेलं कापड कुठेतरी गोळा होणारच. यात हात वाईट असण्याचा काही संबंध नाही. पण रात्री साडेअकराला हे कोण ऐकतं? त्या वेळी एकच वाक्य ऐकू येतं, ‘मला जमत नाही.’

मग धीर देणारे येतात. ऑफिसातल्या एकीने सांगितलं, चूक हेच तर हाताच्या कामाचं सौंदर्य. दुसरीने अमेरिकेतली गोष्ट ऐकवली. तिथल्या आमिश पंथाच्या बायका म्हणे प्रत्येक गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण निर्दोष काय ते एकटा देवच. गोष्ट गोड आहे, पण गोधड्यांचा इतिहास अभ्यासणारे तिला दंतकथाच मानतात. मला तर ती तशीही पटत नाही. चूक मुद्दाम कशाला ठेवायला हवी? ती बोलावल्याशिवाय येते, पाहुण्यासारखी, आणि राहते. शिवाय वाकडं शिवलेल्या बाईला ‘वाकडंच सुंदर’ म्हणणं म्हणजे ‘तुझ्याकडून सरळ होणार नाही’ हे गोड शब्दांत सांगणं. भाचीला त्या सौंदर्याने काडीचाही दिलासा मिळाला नाही.

जुन्या बायका फार क्षमाशील होत्या, असा आपला एक समज असतो. माझ्या आत्याने तो माझ्यापुरता मोडला. त्यांच्या गावी उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, अंगणात गोधड्या पडायच्या. खाली जुनं नऊवारी लुगडं, आत धोतरं, परकर, शर्ट, जे विरलं ते, वर पुन्हा लुगडं. चारी कडांना दगड ठेवायचे. चार-पाच जणी चार बाजूंनी बसायच्या आणि धावदोरा घालत आत सरकायच्या. त्यात एखादी नवी सून असायची. तिचा टाका लांब पडायचा. समोर कुणी काही बोलायचं नाही. ती चहा ठेवायला घरात गेली की तिची ओळ उसवली जायची आणि बारीक टाक्यांनी पुन्हा घातली जायची. कसोटी ठरलेली होती, ‘जोडवं अडकेल एवढा टाका नको.’ रात्री पाय पसरला, जोडवं टाक्यात अडकलं, की दोरा तुटला, आणि एक तुटला की ओळ गेली. दिसायला कसं आहे हा प्रश्नच नव्हता. झोपणाऱ्याला त्रास होईल की नाही, एवढंच बघायचं.

म्हणजे त्या भरपूर उसवायच्या. फक्त उसवण्याचं दुःख करायच्या नाहीत. याचं कारण त्यांच्या थोर मनात शोधू नये. कापड आधीच विरलेलं होतं, त्याचा एक जन्म होऊन गेला होता, तेव्हा नासण्यासारखं फारसं काही नव्हतं. बारशाची तारीख डोक्यावर नव्हती. आणि उसवताना शेजारी कुणीतरी बसलेली असायची, गावातल्या चार खबरी सांगत. भाचीकडे यातलं एकही नव्हतं. कोरं कापड, ठरलेला दिवस आणि बंद खोलीतली एकटी ती. हिरमुसणार नाही तर काय?

उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागात सिद्दी समाज राहतो. मूळचे आफ्रिकेतले. त्यातल्या पुष्कळांचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यातल्या गुलामगिरीतून निसटून या रानात आले असं सांगतात. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात. त्यांची रीत भाचीच्या बरोबर उलटी. कोपऱ्यापासून सुरुवात, कडेकडेने ठिगळं लावत आणि त्याच वेळी टाके घालत गोल गोल मध्याकडे. पुढचं ठिगळ कोणतं, केवढं, हे तिथे पोचल्यावर ठरतं. कमी पडलं तर आणखी एक चिंधी. वर छोट्या रंगीत ठिकऱ्या लावतात त्या वेगळ्याच. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं लागल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. या रीतीत 15 सुतांचा घोळ होऊच शकत नाही, कारण कुठली ओळ कुठल्या ओळीला जुळवायचीच नसते. मी हे भाचीला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, “मावशी, माझ्याकडे ओळी आहेत.”

बरोबरच होतं तिचं. मग मी उपदेश थांबवला आणि रविवारी सकाळी तिच्याकडे गेले. बरोबर आत्या, त्यांचा चष्मा आणि माझी धारदार छोटी कात्री. पिशवी खाली काढली, पण चुणीला हात लावायचा नाही असं मी आधीच बजावलं होतं. आधी कडेच्या उरेब, म्हणजे तिरप्या, पट्ट्या कापल्या, त्यांना इस्त्री केली. हे काम इतकं कंटाळवाणं आणि इतकं सोपं आहे की चुकायला वावच नाही. हात चालायला लागला की तोंडही चालायला लागतं. तासाभराने भाचीनेच गोधडी उलटी केली. खिडकीच्या उजेडात चुणी वीतभर नव्हती, चार बोटं होती.

दोन रकाने मनातल्या मनात केले. झोपणाऱ्याला टोचेल ते उसवायचं, शिवणारीला टोचतं ते राहू द्यायचं. चुणी पहिल्यात गेली, कारण बाळाच्या पाठीखाली ती गाठीसारखी लागली असती. आखूड ओळ दुसऱ्यात. भाचीने थोडी हुज्जत घातली, तिला ती ओळ डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण ती सोडवायची तर सगळीच गोधडी सोडवावी लागली असती.

उसवायचीही पद्धत असते. टाका न् टाका उपटत बसलं की कापडाला भोकं पडतात आणि जीव रडकुंडीला येतो. एका बाजूने दर तीन-चार टाक्यांनी एक टाका कापत जायचं. मग उलट्या बाजूचा दोरा धरून ओढला की तो अख्खा निघून येतो. तो निघताना होणाऱ्या बारीक ‘सर्र’ आवाजात एक क्रूर समाधान आहे, हे मी कबूल करते. अर्ध्या तासात चुणी मोकळी झाली. अस्तर हाताने मधून कडेकडे सपाट केलं, कच्चे टाके या वेळी बोटाबोटावर घातले आणि आत्यांनी गावातल्या एका लग्नाची गोष्ट संपवेपर्यंत शिवण पुन्हा बसली. मशीन बंद करण्याआधी मी भाचीला पुढच्या रांगेचे दहा-बारा टाके घालायला लावले आणि सुई तशीच कापडात ठेवायला सांगितली. दोरा ओवलेला, रांग सुरू झालेली. दुसऱ्या दिवशी कामाला बसताना ‘कुठून सुरू करू’ हा प्रश्नच पडत नाही, आणि बहुतेक कामं त्या प्रश्नापाशीच अडलेली असतात.

बारसं मात्र हुकलंच. बाळाला चांदीचा वाळा गेला आणि गोधडी मागाहून, ते पालथं पडायला लागल्यावर गेली. देण्याआधी भाची ती आत्यांना दाखवायला घेऊन आली होती. आत्यांनी वरची बाजू पाहिलीच नाही. थेट उलटी केली, कोपऱ्यापर्यंत बोट फिरवत नेलं आणि थांबल्या.

“हा टाका लांब आहे गं.”

भाचीने वाकून पाहिलं. “आहे,” ती म्हणाली. “पण बाळ कुठे जोडवी घालतंय?”

आत्यांनी तरीही चष्मा पुसून घेतला आणि कात्री मागितली. भाचीने गोधडीची घडी घातली आणि चहा ठेवायला निघून गेली. जाताना गोधडी बरोबर घेऊन गेली.