गेले का खरंच?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर एकाला सगळे 'चित्रगुप्त' म्हणतात. नट, गायिका, माजी मंत्री, निवृत्त फिरकी गोलंदाज, कोणीही गेलं की पहिली खबर त्याची. पहाटेचे पाच असोत की रात्रीचा दीड, नाव आणि पुढे जोडलेले हात. हा माणूस झोपतो कधी, हे त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही. खाली मग ओळीनं 'ॐ शांती', 'भावपूर्ण श्रद्धांजली', 'एका युगाचा अंत' लागत जातं आणि पाचवा-सहावा कोणीतरी हमखास विचारतो, "अरेच्चा, हे अजून होते?"

मला हा पाचवा-सहावा फार आवडतो. त्याच्यावर बाकीचे तुटून पडतात, 'जरा तरी लाज बाळग' वगैरे. पण युगाचा अंत झाला म्हणणाऱ्यांच्याही मनात तेच येऊन गेलेलं असतं. त्या युगाची आठवण त्यांनाही कित्येक वर्षांत झालेली नसते. हा फक्त बोलून मोकळा होतो.

दुसरा प्रश्न वयाचा. नव्वदीचे असतील तर 'भरपूर जगले, सोनं झालं' म्हणून विषय संपतो आणि ग्रुप पुन्हा निवडणुकीकडे वळतो. खरी पळापळ होते ती आपल्याहून लहान कोणी गेलं की. २ सप्टेंबर २०२१ ला सिद्धार्थ शुक्ला गेला, ४० वर्षांचा. पुढच्याच महिन्यात २९ तारखेला कन्नड नट पुनीत राजकुमार, वय ४६. व्यायामानंतर अस्वस्थ वाटलं आणि संपलंच सगळं. तेव्हा बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या होत्या. आमच्याकडे लगेच दोन तट पडले. जिमला जाणारे म्हणाले, "ईसीजी काढून घ्या रे." न जाणारे म्हणाले, "बघा, आम्ही सांगत नव्हतो?" जन्मात कधी जोर न मारलेल्या एका सद्गृहस्थानं तर व्यायामाच्या दुष्परिणामांवर लांबलचक निबंध लिहिला आणि शेवटी एका मिसळीच्या हॉटेलाचा पत्ता दिला. त्यानं पुनीतचा अपमान झाला असं मला वाटत नाही. भ्यायला होता बिचारा.

त्याच्या आदल्या वर्षी, २९ एप्रिल २०२० ला इरफान खान आणि दुसऱ्याच दिवशी ऋषी कपूर गेले तेव्हा लॉकडाऊन होता. सगळे घरात कोंडलेले, हातात फोन. "पंचक लागलंय, अजून तीन जाणार," असं कोणीतरी टाकलं आणि पुढचे तीन कोण यावर मध्यरात्रीपर्यंत खल झाला. पंचकात गेलेल्याबरोबर पुतळे करून ठेवायची आपल्याकडे रीत आहे; बॉलिवूडनं ते केले असतील का, अशीही शंका निघाली. हसलो सगळे. मग इरफानच्या एकेका भूमिकेबद्दल लोक लिहीत सुटले, आणि ते मात्र कुठून ढापलेलं नव्हतं. अमेरिकेत या चावटपणाचा रीतसर खेळच आहे. वर्षाच्या सुरुवातीला नामवंतांची यादी करायची आणि वर्षअखेरीस कोणाची किती नावं लागली ते मोजायचं. म्हणजे पापी काही आपणच नाही.

मला या टवाळांपेक्षा भीती वाटते ती गंभीर माणसांच्या घाईची. नोव्हेंबर २०२२ मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली, मोठमोठ्या नटांनी शोक व्यक्त केला आणि शेवटी घरच्यांना सांगावं लागलं की ते आहेत, उपचार चालू आहेत. ते गेले २६ ला. मधल्या दिवसांत घरच्यांनी सांत्वनाचे फोन कसे घेतले असतील, कल्पना करवत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात धर्मेंद्रच्या बाबतीत पुन्हा तेच. ११ तारखेला श्रद्धांजल्यांचा पूर, मग हेमामालिनी आणि ईशा देओल यांचे खुलासे, आणि २४ ला खरी बातमी. ती आली तेव्हा आमचा चित्रगुप्तसुद्धा आधी "नक्की ना?" असं विचारत होता. एवढा मोठा नट, पण त्याच्या वाट्याला शिळी श्रद्धांजली आली. लोकांनी चांगले शब्द आधीच वापरून टाकले होते.

पूनम पांडेनं तर २ फेब्रुवारी २०२४ ला आपलीच बातमी आपल्याच खात्यावरून फिरू दिली, गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं गेल्याची, आणि दुसऱ्या दिवशी हजर. म्हणे जनजागृती. आमच्या ग्रुपवर काही जण आपली 'ॐ शांती' परत मागत होते.

हे सगळं फोनमुळे झालं म्हणावं, तर १९७९ चं काय? त्या मार्चमध्ये जयप्रकाश नारायण मुंबईला जसलोक रुग्णालयात होते. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत त्यांच्या निधनाची घोषणा केली. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, कामकाज तहकूब झालं, आकाशवाणीवरून बातमी देशभर गेली. आणि जेपी जसलोकमध्ये जिवंत! ते गेले ऑक्टोबरच्या ८ तारखेला, पाटण्यात. आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलायची कला आपल्या देशात व्हॉट्सॲपच्या किती आधीपासून आहे, आणि किती वरपर्यंत आहे, ते यावरून कळावं.

छापणारे लोक शहाणे. ते आधीच लिहून ठेवतात. न्यूयॉर्क टाइम्समध्ये २०११ साली एलिझाबेथ टेलरवर जो मृत्युलेख आला, त्याचा लेखक मेल गसो स्वतः २००५ मध्येच वारला होता. विनोदी नट बॉब होपच्या बाबतीतही तेच. तो २००३ मध्ये गेला आणि त्याच्यावर लिहिणारे व्हिन्सेंट कॅन्बी २००० मध्येच गेलेले. टेलरबाईंनी आपल्या मृत्युलेखकालाच सहा वर्षांनी मागे टाकलं, याला म्हणतात तारांकित आयुष्य. या तयारीतही गोंधळ व्हायचा तो होतोच. २००३ मध्ये सीएनएनच्या संगणकावरचे कच्चे मृत्युलेख चुकून लोकांना दिसले. ब्रिटनच्या राजमातेसाठी केलेल्या साच्यातच बाकीची नावं घालून ठेवलेली, त्यामुळे अमेरिकेचे उपाध्यक्ष डिक चेनी हे ब्रिटनची लाडकी आजी ठरले. पुढे २००८ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेनं स्टीव्ह जॉब्झचा मृत्युलेख तो जिवंत असताना प्रसिद्ध केला. तीन वर्षांनी तो खरोखर गेला, तेव्हा त्यांचं काम तेवढं वाचलं असेल.

पण मृत्युलेखात टवाळी कशी मुरवायची, हे शिकावं लंडनच्या डेली टेलिग्राफकडून. १९८६ मध्ये ह्यू मॅसिंगबर्ड तिथे मृत्युलेखांचे संपादक झाले आणि त्यांनी सभ्य शब्दांत शिव्या घालायची सोयच करून दिली. 'मैफलीत रमणारे' म्हणजे अट्टल दारुडे. 'मूर्खांची गय न करणारे' म्हणजे भयंकर तापट. 'न थकता किस्से सांगणारे' म्हणजे लोकांना पळवून लावणारे. वाचणाऱ्याला सगळं कळायचं आणि गेलेल्याच्या बायकोला अब्रुनुकसानीचा दावा लावता यायचा नाही.

आपल्याकडे ही सांकेतिक भाषा आहेच, फक्त तिचा कोश कोणी केला नाही. मराठी शोकसभांना नियमित जाणाऱ्या माणसाला ती पाठ असते. 'अजातशत्रू' म्हणजे आयुष्यात कधी कुठली बाजू घेतली नाही. 'कलंदर' म्हणजे उसने घेतलेले पैसे परत केले नाहीत. 'मनस्वी' म्हणजे नऊच्या प्रयोगाला साडेदहाला यायचे, तेही आले तर. 'शिस्तप्रिय' असेल तर मुलं पुण्याला न राहता अमेरिकेला का गेली ते समजून घ्यावं. आणि 'कधीही न भरून येणारी पोकळी' ही बहुधा महामंडळाच्या कार्यकारिणीतली असते, तेराव्याच्या आत भरते. चौकातल्या फ्लेक्सना तर एवढीही भाषा लागत नाही. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये गेलेल्याचा फोटो आणि भोवती गॉगल लावलेले पंचवीस शोकाकुल. यातला नेमका गेला कोण, हे ठरवायला सिग्नल पुरत नाही.

मराठीत खरे मृत्युलेख लिहिले आचार्य अत्र्यांनी. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईवरून त्यांनी नेहरूंना 'मराठा'तून आणि व्यासपीठावरून काय काय ऐकवलं होतं! पण २७ मे १९६४ ला नेहरू गेले आणि त्याच माणसानं त्यांच्यावर अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले, ओक्साबोक्शी रडावं तसे. ढोंग म्हणून ते कोणाला वाटलं नाही. जिवंतपणी ज्याच्याशी कडाकडा भांडलो, त्याच्यासाठी रडायचा हक्क कमावलेला असतो. आमच्या ग्रुपवरही मी हेच बघतो. लता मंगेशकर गेल्या त्या ६ फेब्रुवारीला ज्यांनी 'स्वर्गात आता मैफल रंगली असेल' असं ढगांचं चित्र टाकलं, ते रात्री शाहरुख खान थुंकला की त्यानं दुआ फुंकली यावर भांडत होते. आणि जो एरवी बाईंच्या नंतरच्या गाण्यांची यथेच्छ टर उडवायचा, तो दिवसभर गप्प राहिला आणि रात्री फक्त एका जुन्या गाण्यातली तान कुठे वळते ते लिहून पाठवलं त्यानं.

अर्थात दिवंगतांविषयी काही बोलायचं तर कुठे बोलतो आहोत ते बघावं लागतं, हे महाराष्ट्राइतकं कोणाला माहीत असणार. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद झाली. पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं की माणसं रोजच जातात, त्यासाठी बंद कशाला. तिच्या मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. तिनं तर साधा विनोदही केला नव्हता. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलम पुढे मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रद्दच केलं. आणि हे सगळं कोणाच्या नावानं? ज्यांनी 'मार्मिक'च्या पानांवर भल्याभल्या पुढाऱ्यांची नाकं वाकडी काढली, त्या व्यंगचित्रकाराच्या!

श्रद्धेच्या नावाखाली काय चालतं हे श्रीदेवी गेली तेव्हाही पाहिलं. २०१८ च्या फेब्रुवारीत वाहिन्यांनी स्टुडिओत बाथटब आणले, एका तेलुगू वाहिनीचा प्रतिनिधी तर त्यात झोपून दाखवत होता. त्या रात्री आमच्या ग्रुपवरच्या सगळ्यात वाह्यात माणसानं टीव्ही बंद केला.

माझे काका ऐंशीच्या घरातले. सकाळी चहाबरोबर आधी निधनवार्ता, मग पहिलं पान. दोन ओळींची बातमी ते निकालपत्रासारखी वाचतात. "पश्चात पत्नी, मुलगा, सून, दोन बहिणी असा परिवार. म्हणजे धाकट्या भावाशी वाटणीचा खटला अजून चालूच आहे." परवा मला समोर बसवून म्हणाले, "हे बघ, माझ्या बातमीत अजातशत्रू लिहू नकोस. पार्किंगसाठी मी चारही मजल्यांशी भांडलोय. सगळी मेहनत वाया जाईल."

"मग काय लिहू?"

"स्पष्टवक्ते लिही."

आतून काकूंचा आवाज आला, "तापट लिही रे. अक्षरं कमी लागतात, जाहिरातीचे पैसे मलाच भरायचेत."