आमची वाटचाल : दूध संस्थेचा हिशेब आणि डेटाबेसचे नियम

कोल्हापूर-सांगली भागातल्या दूध संस्थांसाठी आम्ही वेब सॉफ्टवेअर करतो. सकाळ-संध्याकाळ दूध मोजायचं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) यांवरून दर लावायचा, दहा दिवसांनी पशुखाद्य आणि उचल कापून बिल काढायचं. काम एवढंच, पण एखादी वेळ बिलात दुबार पडली की संस्थेच्या दारात भांडण ठरलेलं.

म्हणून नियम स्क्रीनवर न ठेवता डेटाबेसमध्ये ठेवायचे, हे आम्ही आधीच ठरवलं. नोंद काही एकाच वाटेने येत नाही. फॉर्म आहे, मोबाइल आहे, एक्सेल आहे, आणि रात्री फोन आला की आमचाच एखादा पोरगा थेट टेबलात हात घालतो.

गावात रेंज गेली की ऑपरेटर 'सेव्ह' दोनदा दाबतो. दोन्ही विनंत्या एकदम पोचल्या तर प्रोग्राम दोन्ही वेळा बघतो, आधीची नोंद दिसत नाही, आणि दोन्ही घेतो. तिथे सभासद, तारीख, पाळी आणि जनावर यांवर युनिक इंडेक्सच लागतो, म्हणजे हे सगळं तेच असलेली दुसरी नोंद डेटाबेस घेतच नाही. तो लावल्यावर एका सचिवांनी विचारलं, "मोठ्या गोठेवाल्याच्या दोन किटल्या वेगळ्या मोजतो, त्याचं काय?" मग किटली क्रमांकही इंडेक्समध्ये आला. हा क्रमांक फॉर्म उघडतानाच ठरतो. सर्व्हरने दिला असता तर दुसऱ्यांदा दाबलेलं 'सेव्ह' नवी किटली म्हणून खपलं असतं.

फॅट ६.५ ऐवजी ६५ टाइप होते. अशी अशक्य नोंद चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे आकडा मर्यादेत आहे का हे बघणारा डेटाबेसमधला नियम, परत पाठवतो. गाईला ६.५ लागली तर मात्र स्क्रीन फक्त "खात्री आहे?" विचारते. अशक्य आणि संशयास्पद यांत गल्लत केली की ऑपरेटर खोटे आकडे भरून मोकळा होतो.

आम्ही पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला त्यालाही हेच कारण. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसची ८.०.१६ ही आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, चेक लिहिला तर ते स्वीकारायचं आणि पाळायचं मात्र नाही. शिवाय पोस्टग्रेसमध्ये चेक आणि फॉरेन की (बिलातला सभासद सभासदांच्या टेबलात असलाच पाहिजे, अशा तऱ्हेचा नियम) 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावता येतात: नव्या नोंदी लगेच तपासल्या जातात, जुन्या सवडीने निस्तरता येतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेल्या संस्थांचा डेटा आम्ही असाच घेतो. त्यात सभासदच नसलेली बिलं हमखास सापडतात. ती कोणाची, हे सचिवांनी जुनी वही काढून सांगायचं.