गोडोली ते समर्थ मंदिर, माझी पहिली ई-सायकल

आई समर्थ मंदिराजवळ राहते आणि आम्ही गोडोलीत. अंतर असेल चारेक किलोमीटर, पण जाताना जवळजवळ सगळा चढ, साताऱ्यातल्यांना ते वेगळं सांगायला नको. अण्णा गेल्यापासून दुपारचा डबा मी घेऊन जाते. रोजची रिक्षा परवडेना, स्कूटर मी कधी शिकलेच नाही, सायकल मात्र शाळेपासून चालवलेली. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं की आता इलेक्ट्रिक घ्यायची. ठरवलं आणि मग दीड महिना फिरले.

पहिला घोळ नावाचाच. दुकानात जाऊन इलेक्ट्रिक बाईक दाखवा म्हणलं की कोणी मोठी स्कूटर दाखवतो, कोणी ती छोटी बिननंबरची स्कूटर, आणि कोणी पेडलवाली सायकल. मोठ्या स्कूटरला नंबर, लायसन, इन्शुरन्स सगळं लागतं म्हणजे माझ्यासाठी तो विषयच संपला. उरल्या दोन. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला तर तिला मोटार वाहन धरत नाहीत, त्यामुळे रजिस्ट्रेशन नाही आणि लायसनही नाही. हे मला आधी माहीतच नव्हतं, भाच्यानं सांगितलं.

छोटी स्कूटर मला जवळपास पसंत पडली होती, बसायला ऐसपैस आणि पुढं डबा ठेवायला जागा. पण तिच्यात लेड अ‍ॅसिडच्या बॅटऱ्या निघाल्या, सगळ्या मिळून इतक्या जड की उचलून दुसऱ्या मजल्यावर न्यायचा प्रश्नच नाही, आणि आमच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. सोसायटीत विचारलं तर मीटरवरून वाद. घ्यायच्या आधी सगळ्यांनी ही एक गोष्ट घरी बघावी असं मला मनापासून वाटतं, की रात्री गाडी नेमकी कुठं चार्ज होणार. सायकलची लिथियम बॅटरी अडीच-तीन किलोची, किल्ली फिरवून काढली की पिशवीत घालून वर.

मग सायकली बघायला लागले. हिरो लेक्ट्रो बघितली, पुण्याची ईमोटोराड बघितली, अजून दोन-तीन बघितल्या. एका दुकानात ट्रायल म्हणजे दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर. मी म्हणलं मला चढावर चालवून बघायचीय, तर म्हणाले, ‘मॅडम, सगळ्या चढतात.’ तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या मुलानं मात्र स्वतःहून सांगितलं, ‘ताई, राजवाड्यापासून बोगद्याकडं घेऊन जावा, म्हणजे कळंल.’ आणि खरंच तिथंच सगळं कळलं. बिनगियरची दिसायला फार सुंदर होती, हलकी पण होती, पण समर्थ मंदिराच्या पुढं चढ लागल्यावर नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता फक्त मोटरवर, ती मरगळली, आणि पेडल मारायला गेले तर इतकं जड की गुडघ्यातून कळ आली. सात गियरची घेतली तर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये पाय हलके फिरत राहतात आणि मोटर मागून ढकलते, दम न लागता वर. भाच्यानं नंतर समजावलं की मागच्या चाकातली हब मोटर कमी वेगात फार जोर लावू शकत नाही आणि अडून राहिली की तापते, म्हणून चढावर गियर हलका टाकून चाक फिरतं ठेवायचं. पेडलजवळ मोटर असलेल्या सायकलीत मोटरलाही गियरचा फायदा मिळतो, चढाला ती जास्त चांगली, पण तिची किंमत माझ्या आवाक्यातली नव्हती.

अजून एक गोष्ट ब्रोशरमध्ये कोणी ठळक लिहीत नाही ती सेन्सरची. स्वस्तातल्या बहुतेक सायकलींचा सेन्सर पेडल फिरतंय का नाही एवढंच बघतो, तुम्ही किती जोर लावताय ते नाही. त्यामुळे पाय फिरला की मोटर एकदम ओढते. मोती चौकात संध्याकाळच्या गर्दीत पहिल्यांदा सायकल अशी पुढं उसळली तेव्हा समोर एक आजी होत्या, मी ब्रेक दाबला आणि थांबली, कारण ब्रेक दाबला की मोटर बंद व्हायची सोय आहे. ही सोय आहे का हे विचारूनच घ्या. आता गर्दीत मी असिस्ट, म्हणजे मोटरनं किती मदत करायची त्याचा आकडा, शून्यावर नाहीतर एकवर ठेवते.

एका ठिकाणी म्हणाले वेगाचं लॉक काढून देतो, पस्तीसनं पळेल. मी नको म्हणलं. एकदा पंचवीसच्या पुढं गेली की ती कायद्यानं सायकल राहत नाही, मग नंबर नाही, इन्शुरन्स नाही, आणि कोणाला धडकलं तर काय करणार? शिवाय ब्रेक आणि टायर त्या वेगासाठी बनवलेले नसतात.

शेवटी सात गियर, दोन्हीकडं डिस्क ब्रेक, निघणारी बॅटरी अशी घेतली, कॅरियर आणि बास्केट धरून तीसेक हजारांत. बॅटरी ३६ व्होल्ट ७.८ अँपिअर-अवरची, गुणाकार केला तर २८० वॉट-अवर, म्हणजे एका चार्जिंगला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. कागदावर रेंज ४० किलोमीटर, मला २४-२५ मिळते. वाईट वाटलं नाही कारण रोज जाऊन-येऊन आठच किलोमीटर होतात आणि येताना उतारच असतो, एक दिवसाआड चार्जिंग करते. दुकानदाराचा चार्जरच वापरायचा, उन्हातून आल्या आल्या लावायचा नाही, बॅटरी गार होऊ द्यायची, आणि झोपताना लावून ठेवायचा नाही, एवढं पाळते.

त्रास झाला तो चार्जरचा. तिसऱ्या आठवड्यात चार्जर गेला आणि बदलून मिळायला अठरा दिवस लागले, दर वेळी ‘उद्या येतोय’. ते अठरा दिवस परत रिक्षा, आणि आईला डबा कधी दीडला तर कधी अडीचला. तिची शुगरची गोळी जेवणाशी बांधलेली आहे त्यामुळे मला खूप राग आला होता. घेताना किंमत घासाघीस करण्यापेक्षा चार्जर, कंट्रोलर (मोटरला किती वीज सोडायची ते ठरवणारा भाग), बॅटरी बदलून किती दिवसांत आणि कितीला मिळणार हे लिहून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पंक्चरचंही सांगते. मागच्या चाकात मोटर, तिची वायर, म्हणून आमच्या कोपऱ्यावरचे सायकलवाले काका हातच लावेनात. ‘वायर तुटली तर मी कुठून आणू ताई?’ बरोबरच होतं त्यांचं. मग दोघांनी मिळून चाक न काढताच टायरची एक बाजू सोडवली, ट्यूब बाहेर ओढली आणि तिथंच पॅच मारला. आता ते स्वतःच हवा बघतात, मागच्या टायरला वजन जास्त असतं म्हणून दर आठवड्याला भरून घे म्हणतात.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालून जाणाऱ्या रस्त्यात, मी सायकल घालत नाही, वरूनच जाते. तिथून राजपथानं कमानी हौदापर्यंत असिस्ट दोन, पुढं राजवाड्यानंतर तीन. आई आता गॅलरीत उभी असते, ‘आज घाम नाही आला गं तुला’ म्हणते.

पाच महिने झाले, अकराशे किलोमीटर. बॅटरी अजून तशीच आहे. आधी संपले ते ब्रेक पॅड, रोज डब्याची रिकामी पिशवी घेऊन समर्थ मंदिरापासून नाक्यापर्यंत ब्रेक धरूनच उतरायचं म्हणल्यावर दुसरं काय होणार. परवा करकर आवाज यायला लागला तसे दोन्हीकडचे बदलून घेतले, आणि एक जास्तीचा जोड घरी आणून ठेवलाय.