पावणेअकराचा डबा

दिवसभर मी अगदी शहाण्या मुलासारखा वागतो. सकाळचा चहा बिनसाखरेचा, डब्यात दोनच पोळ्या, उसळ आणि काकडी, ऑफिसात कोणाचा वाढदिवस असला तर केकची बशी "मला नको, डाएट चालू आहे" असं जरा मोठ्यानेच म्हणून परत, संध्याकाळी लोकलमध्ये चिक्कीवाला अगदी गुडघ्याला टेकून उभा राहिला तरी मी खिडकीबाहेर बघतो. चार लोकांसमोर माझा संयम बघाल तर एखाद्या मठात नेऊन बसवाल. आणि मग रात्रीचे पावणेअकरा वाजतात, सगळे आपापल्या खोलीत जातात, आणि मी किचनमध्ये पाणी प्यायला जातो.

पाणीच प्यायला जातो हं. दिवासुद्धा लावत नाही, फ्रीजचा उजेड पुरतो.

आता स्टीलचा डबा ज्याने रात्री उघडलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय ते. प्लास्टिकची बरणी मुकाट फिरते, काचेची थोडी कुरकुरते, पण आमचा लाडवांचा डबा म्हणजे बायकोच्या माहेरचा, वीसेक वर्षांचा, झाकण असं घट्ट बसलेलं की डावा हात पोटाशी धरून उजव्या अंगठ्याने कडेला जोर लावायचा, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ते "टॉक्क" करून सुटतं. हा टॉक्क दिवसा ऐकूच येत नाही. रात्री पावणेअकराला तो आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला पण ऐकू जात असावा. लगेच आतल्या खोलीतून आईचा आवाज, "काय रे, काय शोधतोयस?" आई शहात्तर वर्षांची आहे, दुपारी दारावरची बेल तिला ऐकू येत नाही.

हे सगळं सुरू झालं मार्चमध्ये. ऑफिसच्या चेकअपमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड वन. डॉक्टर म्हणाले औषध काही नको, आठ किलो उतरवा. वजन होतं ८४.६. म्हणजे ७६.६ वर यायचं. तेव्हा ते इतकं सोपं वाटलं होतं की मी डॉक्टरांना विचारलं पण, जास्त भराभर उतरलं तर काही प्रॉब्लेम नाही ना? ते हसले. आता कळतं का हसले.

जेवणाचं मला काही वाटत नाही, भात सोडायला सांगितला तर सोडेन, तळलेलं तर तसंही सोसत नाही. पण रात्रीचं गोड. लोक म्हणतात घरात आणूच नका म्हणजे खाल्लं जाणार नाही. ज्यांनी हा सल्ला शोधून काढला त्यांना खरं गोडखाऊ माणूस भेटलेलाच नाही. आम्ही एप्रिलमध्ये हे करून बघितलं, घरात एकही गोड पदार्थ नाही. पहिल्या रात्री मी चहाच्या चमच्याने कोरडा बॉर्नव्हिटा खाल्ला. तो टाळूला चिकटतो, जिभेने सोडवत बसावं लागतं, तेवढाच वेळ जातो. दुसऱ्या रात्री देव्हाऱ्यातल्या वाटीतली खडीसाखर. तिसऱ्या रात्री च्यवनप्राश, मे महिना तोंडावर आलेला, घामाच्या धारा आणि मी हिवाळ्यातली शक्ती कमावतोय. त्या आठवड्याच्या शेवटी बायकोच म्हणाली की यापेक्षा लाडू बरे.

मग खजूर झाला. खजूर खाल्ला की गोडाची इच्छा मरते असं आमच्या ट्रेनच्या ग्रुपमधल्या सगळ्यांचं मत पडलं. एका खजुराने नाही मरत. नऊ खाल्ल्यावर मरते. साधा खजूर वीस-पंचवीस कॅलरीचा, करा हिशोब. गुळाचंही तेच, "साखर नाही हो, गूळ आहे" असं म्हणताना आपल्याला जे पवित्र वाटतं ना त्याला काही अर्थ नाही, वजनाच्या हिशोबाने दोघांच्या कॅलरी जवळपास सारख्याच. आणि बेसनाचा मध्यम लाडू धरला तर दीडशे ते दोनशेच्या घरात जातो, तुपामुळे. माझ्या वजनाच्या माणसाला तो जिरवायला अर्धा-पाऊण तास झपाझप चालावं लागतं. खायला मला दोन घास लागतात, ते पण उभ्या उभ्या.

लाडवांवरून आठवलं. जूनमध्ये मुलगा हॉस्टेलवर जाणार म्हणून बायकोने लाडू केले, मोजून वीस. रविवारी डबा भरताना निघाले तेरा. ती माझ्याकडे बघायला लागली. आता मी पाच खाल्ले होते. पाचच. आठवडाभरात पाच म्हणजे माझ्या मानाने मी पुष्कळ आवरलं होतं. म्हणजे पंधरा तरी निघायला हवे होते, दोन लाडू कोणीतरी दुसऱ्यानेच खाल्ले होते आणि माझ्या नावावर टाकले होते. पण ते दोन माझे नाहीत हे सिद्ध करायचं तर आधी पाच माझे आहेत हे कबूल करावं लागणार. मुलगा म्हणाला मी तर एकपण नाही खाल्ला. आई जप करत होती. मी सातही लाडवांचा गुन्हा डोक्यावर घेतला आणि गप्प बसलो.

असं का होतं म्हणून मग वाचायला लागलो, कारण मला आधी वाटायचं माझ्यातच काहीतरी खोट आहे. तर २०१३ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी बारा धडधाकट माणसांना तेरा दिवस मंद उजेडात, बाहेर दिवस आहे का रात्र हे कळणार नाही असं ठेवलं आणि त्यांची भूक विचारत राहिले. शरीराच्या आतल्या घड्याळाप्रमाणे भूक सगळ्यात कमी सकाळी आठच्या सुमाराला आणि सगळ्यात जास्त रात्री आठच्या सुमाराला, त्यातही गोड, खारट, पिठूळ असल्या गोष्टींची. आधी काय खाल्लं, किती झोपले याच्याशी त्याचा संबंध नाही, घड्याळच तसं आहे. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी त्या आनंदात एक आंबावडी खाल्ली. वर झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी होतं, ते वेगळंच. मी झोपतो साडेअकराला, उठतो साडेपाचला. डोंबिवलीहून सातच्या आसपासची फास्ट पकडणाऱ्या माणसाने आठ तास झोपायचं तर ऑफिसातच झोपावं लागेल.

खरी गंमत पुढे आहे. आमच्या ट्रेनच्या ग्रुपमध्ये एकजण कुडाळकडचे आहेत. ग्रुपमध्ये अर्ध्या लोकांनी कधी ना कधी ते डॉ. दीक्षितांचं दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांत, असं करून बघितलेलं, त्यामुळे डाएट हा आमच्याकडे राजकारणापेक्षा मोठा विषय. तर हे कुडाळवाले गणपतीला गावी गेले होते, तिकडून येताना प्लास्टिकच्या पिशवीत पाच-सहा हिरवी पानं घेऊन आले. गुडमार. मधुनाशिनी पण म्हणतात. म्हणाले रात्री एक पान नीट चावा, मग साखर तोंडात टाकून बघा. मी म्हटलं असं कडूबिडू लागून काय होणार, कारलं खाऊन पण आम्ही जिलबी खातो.

रात्री पान चावलं. कडवट, थोडं गवतासारखं, मिनिटभर तोंडात घोळवलं आणि थुंकून चूळ भरली. मग डब्यातली साखर चिमूटभर जिभेवर ठेवली. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. वाळू. शब्दशः वाळू, चौपाटीवर भेळ खाताना वाऱ्याने तोंडात जाते ना तशी. कणी कणी कळतेय, विरघळतेय पण कळतेय, पण गोड म्हणून काही नाहीच. मीठ टाकून बघितलं, ते खारट. लिंबू आंबट. बाकी सगळं जागेवर, फक्त गोडाचं कनेक्शन कापलेलं. त्या पानातली द्रव्यं जिभेवरच्या गोड ओळखणाऱ्या जागा अर्धा-एक तास अडवून धरतात म्हणे.

फ्रीजमध्ये साताऱ्याहून आलेले कंदी पेढे होते. म्हटलं आता बघूच. पेढा तोंडात टाकला, तर भाजलेल्या खव्याचा वास आला, तुपकट लागलं, वेलची लागली, आणि बाकी नुसता लगदा. साखरेशिवाय पेढा म्हणजे काय हे कोणी सांगून कळायचं नाही. कणीक खाल्ल्यासारखं. मला वाटलं सुटलो, जिंकलो, आता रोज एक पान चावायचं की झालं, उद्याच कुडाळवाल्यांना रोप आणायला सांगू.

आणि हा विचार करता करता मी दुसरा पेढा उचलून खाल्ला होता.

काहीही गोड लागत नसताना. हातात पेढ्याचा कागद घेऊन मी फ्रीजच्या उजेडात उभा, तोंडात तो लगदा, आणि पहिल्यांदाच मनात आलं की अरे, मग मला गोड नकोच असेल तर मी इथे येतो कशाला? साडेपाचपासून कोणी ना कोणी काहीतरी मागतच असतं, ट्रेनमध्ये सीट द्या, साहेबांना स्टेटमेंट द्या, सोसायटीला मेंटेनन्स द्या, घरी आलो की गॅसचा नंबर लावलास का. पावणेअकराला पहिल्यांदा कोणी काही मागत नाही. लहानपणी आमच्या चाळीतल्या खोलीत आई शेवटी ओटा पुसायची, फडकं पिळून दोरीवर टाकायची, आणि मग गुळाच्या डब्यातून एक खडा काढून तोंडात टाकायची आणि दिवा घालवायची. दिवसात बाकी कधी तिला एकटीला काही खाताना बघितल्याचं मला आठवत नाही.

तर आता मी काय करतो ते सांगतो, मोठं काही नाही. गोड दुपारी हलवलं, जेवणातच. आपल्याकडे पानात गोड आधी खायचं, सुश्रुताने पण आधी मधुर मग बाकीचे रस असं सांगितलंय, आपलं जेवण ताकभातावर संपायचं. रात्री पोळी एक कमी आणि मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी, त्याने साडेदहाला पोट बऱ्यापैकी शांत असतं. जेवल्या जेवल्या ब्रश. ब्रश केल्यावर लाडू खूप घाणेरडा लागतो, करून बघा. आणि एक नियम, रात्री खायचंच असेल तर दिवा लावून, बशीत घेऊन, टेबलाशी बसून खायचं. हा नियम मला वाटला त्याच्या दसपट भारी निघाला, कारण दिवा लावून बशी काढून बसलं की माणसाला स्वतःचीच लाज वाटते आणि एकावर भागतं. फ्रीजच्या उजेडात आकडे नसतात. पाच काय, सात काय.

वजन आहे ८१.९. डॉक्टर यावेळी हसले नाहीत, एवढंच. आठवड्यातून दोनदा तरी नियम मोडतो, कधी तीनदा, सण आले की विचारूच नका.

परवा असंच मोडायला गेलो. अकरा वाजलेले, घर गप्प, मी अनवाणी. किचनच्या दारात पोचलो तर आत कोणीतरी आहे. दिवा नाही, फ्रीज पण बंद, खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा जेवढा येतो तेवढाच उजेड. आई. ओट्याला टेकून उभी, एका हातात लाडवांचा डबा, आणि झाकण आधीच निघालेलं. मी पाच मिनिटं बाहेर हॉलमध्येच जागा होतो आणि मला कसलाही आवाज आला नव्हता.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिची शुगर बॉर्डरवर आहे, खरं तर मी रागवायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "जूनमधले ते दोन..."

"हळू बोल," आई म्हणाली. मग तिने झाकण परत दाबून बसवलं आणि डबा माझ्या हातात दिला. मी सवयीने अंगठा लावला.

"अंगठा नको. चमच्याचा दांडा घाल कडेला, आणि दाबू नकोस, नुसता फिरव."

दांडा घातला, फिरवला. काही म्हणजे काही आवाज नाही. आईने एक लाडू उचलून मोडला, मोठा अर्धा मला दिला, आणि उभ्या उभ्याच खायला लागली. मी दिव्याच्या बटणाकडे हात नेला तर म्हणाली, "राहू दे रे."