आमची वाटचाल : शून्यावर उभा राहणारा काटा

आमच्या वडिलांनी, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, 1962 साली सांगलीत गणपती पेठेजवळच्या एका बोळात वजनकाटे दुरुस्तीचे दुकान थाटले. 1956 च्या कायद्याने आलेली दशमान वजने 1958 पासून टप्प्याटप्प्याने बाजारात उतरत होती, शेर, अच्छेर, पावशेर मोडीत निघत होते आणि नव्या वजनांची सवय ना दुकानदाराला होती, ना गिऱ्हाइकाला. 80 तोळ्यांचा शेर भरतो 933 ग्रॅम. किलो त्याहून 67 ग्रॅमने जड. किलोचा भाव घेऊन शेर तोलून देणाऱ्यांनी त्या 67 ग्रॅममध्ये काय काय बांधले, हे दादा हसत सांगत, पण नाव मात्र कोणाचेही घेत नसत. ही त्यांची सवय मी उचलली आहे, म्हणून या लेखात कोणाचे नाव सापडणार नाही.

दादांची हत्यारे आजही माझ्या टेबलावर आहेत: शिसे वितळवायची लोखंडी पळी, तीन कानशी, लहान हातोडी आणि लाकडी खोक्यातली पितळी वजने. बिडाच्या वजनाच्या बुडाशी शिशाने भरलेले भोक असते. वापरून वजन झिजले की तेवढेच शिसे घालायचे, जास्त झाले की कोरून काढायचे, आणि मग वजनमापांच्या सरकारी निरीक्षकाने त्या शिशावर शिक्का मारायचा. दांडीच्या तराजूचे काम मात्र दादांचे भागीदार आबा करीत. मधल्या सुरीची, म्हणजे दांडी ज्या पात्यावर तोलली जाते त्याची, धार बोथट झाली की तराजू आळसावतो, पारड्यात चार दाणे टाकले तरी हलत नाही. आबा ती धार तेलाच्या दगडावर लावीत आणि एका पारड्यात वर्तमानपत्राचा नखाएवढा कपटा टाकून पाहत. तेवढ्याने पारडे झुकले नाही, तर तराजू पुन्हा उघडीत. मी घाई केली की म्हणत, “पोरा, गिऱ्हाइकाला दिसत नाही ते काम आधी कर.”

दुकानात एक खण होता, त्यात दादा गिऱ्हाइकांच्या तराजूंवरून उतरवलेले पासंग, म्हणजे एक बाजू जड करायला लावलेले भार, टाकीत. वाकडा खिळा, तुटकी किल्ली, पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा, वाळून दगड झालेली चिंच, असला सगळा ऐवज. पासंग पाहून दादा कोणाला चोर म्हणत नसत. तो काढून, तराजू समान करून, पैसे घेऊन परत देत. दुसऱ्या खेपेला त्याच तराजूवर पुन्हा चिंच निघाली, तर मात्र ते गिऱ्हाईक आमच्याकडून कायमचे गेले असे समजायचे.

माझी स्वतःची एक चूक सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. 1991 साली कराडच्या बाजूला एका गूळ व्यापाऱ्याचा प्लॅटफॉर्म काटा मी दुरुस्त केला. प्लॅटफॉर्मचे चारही कोपरे वजन ठेवून तपासायचे असतात, कारण मधोमध खरे बोलणारा काटा कोपऱ्यात खोटे बोलू शकतो. त्या दिवशी वजने कमी नेली होती, शेवटची एस.टी. चुकेल अशी भीती होती, आणि मी वहीत चारही कोपरे बरोबर असल्याचे लिहून मोकळा झालो. दादांनी रात्री वही पाहिली आणि एवढेच विचारले, “20 किलोची वजने तर इथेच आहेत, मग कोपरे कशाने तपासलेस?” दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाच वजने पोत्यात घालून परत गेलो. एका कोपऱ्यात काटा 300 ग्रॅम कमी दाखवीत होता. गुळाच्या ढेपा कोणी मुद्दाम त्या कोपऱ्यात ठेवीत असे का, हे मला ठाऊक नाही; पण ठेवल्या असत्या, तर शेतकऱ्याच्या हिशेबातून गेलेला गूळ माझ्या सहीने गेला असता.

पुढची वीस वर्षे काटे आले आणि काटे गेले. लिव्हरचे काटे मागे पडून लोडसेलचे, म्हणजे भाराचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाचे, इलेक्ट्रॉनिक काटे आले, आबा गेले, मग दादा गेले, परवाना माझ्या नावावर झाला.

2012 साली आमच्या एकूण उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग एकाच मोठ्या खरेदीदाराच्या वे-ब्रिजच्या, म्हणजे अख्खी गाडी तोलणाऱ्या काट्याच्या, देखभालीतून येत होता. तिथे काय खरेदी होत होते ते सांगत नाही, कारण या भागात तेवढ्यावरून पत्ता लागतो. हंगामाच्या तोंडावर त्यांच्या व्यवस्थापकांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि म्हणाले, “काटेवाले, भरल्या गाडीला एक टक्का आमच्या बाजूने धरा. शिक्का मारून झाल्यावर उघडायचे, जंक्शन बॉक्समध्ये तेवढे फिरवायचे, सील पुन्हा लावायचे. रिकाम्या गाडीला मात्र बरोबर दाखवायला हवे.” जंक्शन बॉक्स म्हणजे सगळ्या लोडसेलच्या तारा जिथे जुळतात ती पेटी. मागणी करणाऱ्याला काटा चांगला कळत होता, हे मला त्या वाक्यावरूनच उमगले. दहा टन मालात एक टक्का म्हणजे 100 किलो, आणि दिवसाला 200 गाड्या आल्या तर 20 टन. शेतकरी ज्याला काटामारी म्हणतो, ती एवढ्या सरळ गणिताची असते. त्यासाठी फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही, चहाचा एक कप आणि एक होकार पुरतो.

मी नाही म्हटले. त्यामागे शौर्य नव्हते. अशा कामाखाली सही करायची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कराडची वही आली. पंधरा दिवसांत कंत्राट गेले. ते ज्याला मिळाले, तो पूर्वी आमच्याकडेच काम शिकलेला कारागीर होता. आबांनी स्वतः त्याच्या हातात कानस दिली होती. त्याने तिथे काय केले हे मी पाहिलेले नाही, म्हणून त्याविषयी काही म्हणत नाही. पण बाजारात बोलणे सुरू झाले की आमचे काम आता जुने झाले, आम्हाला नवे काटे जमत नाहीत. पाठोपाठ एक निनावी तक्रार झाली, की आम्ही सील तोडून दुरुस्ती करतो. चौकशीत काही निघाले नाही, परंतु ती चालू असताना पेठेतल्या अर्ध्या दुकानदारांनी काटे दुसरीकडे नेले, आणि चौकशी संपली तेव्हा एकही परत आला नाही. दोन मुलांच्या महाविद्यालयाच्या फीसाठी मी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या.

त्या अडचणीच्या आठ महिन्यांत आमच्यासोबत उभे राहिले ते हळदीचे एक अडते, ज्यांना सगळी पेठ शेठजी म्हणे. 2005 च्या पुरात हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवे बुडाली, त्यात त्यांचाही माल गेला होता, तरी पैशाची घासाघीस त्यांनी कधी सोडली नाही. त्यांचा माझ्यावरसुद्धा विश्वास नव्हता, आणि तेच मला आवडे. काटा दुरुस्तीला देण्यापूर्वी आणि परत आल्यावर ते स्वतःची 20 किलोची दोन वजने ठेवून आकडा वहीत लिहीत. बावीस वर्षांच्या नोंदींची ती वही त्यांनी चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यांपुढे ठेवली. बाहेर आल्यावर मी आभार मानू लागलो, तर म्हणाले, “आभार राहू द्या, मागच्या बिलात पन्नास रुपये जास्त लावलेत ते बघा.” बिल पाहिले, तर खरेच लावले होते.

तरीही एक गोष्ट मला अजून टोचते. मी नकार दिला, पण त्या व्यवस्थापकाच्या मागणीबद्दल कुठेही लेखी तक्रार केली नाही. पुरावा नव्हता, हे खरे. पण त्याहून खरे हे, की उरलेली गिऱ्हाइके बिथरतील याची भीती होती. काटा शून्यावर आणला तरी तो बाहेर काय तोलतो याची काळजी करायची की नाही, हा प्रश्न मी तेव्हा टाळला, आणि आज कोणी नकाराबद्दल माझे कौतुक करू लागले की मी विषय बदलतो.

2019 च्या ऑगस्टमधील पुरात पेठेतले बहुतेक काटे पाण्याखाली गेले. लोडसेल पाण्यात भिजला की नवाच घ्यावा लागतो, असे सांगितले असते तर कोणी शंका घेतली नसती. अनेकांना तसे सांगितले गेले आणि त्यांनी नवे काटे घेतलेही. आम्ही प्रत्येक लोडसेल वाळवून, इन्सुलेशन तपासून, वजनांखाली दिवसभर ठेवून पाहिला. निम्मे वाचले. दुरुस्तीच्या पैशात आमचे भाडेदेखील नीट निघाले नाही.

धंद्यात नवीन आलेल्यांना दोन गोष्टी सांगतो, कोणी विचारले नसले तरी. एकाच गिऱ्हाइकाकडून निम्मे उत्पन्न येऊ देऊ नका, कारण मग तुमचा नकार तुमचा राहत नाही. इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी आणि वजनांना दर दोन वर्षांनी फेरपडताळणी असते, ती तारीख गिऱ्हाइकाच्या आधी तुमच्या वहीत असू द्या. आणि सील लावताना तार घट्ट ओढा, ढिली तार पाहून माणसाला मोह होतो. हे तिसरे झाले.

शेठजी गेले. त्यांची वही आणि दोन वजने त्यांच्या मुलाने मला दिली. वजने तपासली तर एकात तीन ग्रॅमची झीज होती, ती मी शिसे घालून भरली. त्या वे-ब्रिजच्या देखभालीची निविदा दर हंगामाआधी निघते, आणि दर वर्षी मी ती भरतो. गेल्या बारा वर्षांत एकदाही उत्तर आलेले नाही. या वर्षीचा अर्ज परवा टपालात टाकला.