फिनिक्स: ‘सगळं वीस मिनिटांवर आहे’ असं कुणी म्हणालं तर

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहराच्या कुठल्याही उपनगरातल्या माणसाला विचारा, अमुक ठिकाण किती लांब आहे? उत्तर ठरलेलं: वीस मिनिटं. चांडलरला राहणाऱ्या माझ्या मामेभावानेही फोनवर हेच सांगितलं. “दादा, हॉटेलचे पैसे कशाला घालवता? आमच्याकडेच उतरा. इथून सगळं वीस मिनिटांवर आहे.” त्या भरवशावर आम्ही नवरा-बायको मे अखेरीस तिकडे जाऊन पडलो आणि अर्धी सुट्टी गाडीच्या काचेतून बघितली. वीस मिनिटं खोटी नाहीत. पहाटे चारला निघालात तर लागतात तेवढीच.

आधी पसारा समजून घ्या, कारण नकाशावर तो कळत नाही. एकट्या फिनिक्स शहराचं क्षेत्रफळ सुमारे १,३४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या दुपटीहून जास्त. वस्ती २०२० च्या जनगणनेत १६ लाख. हे झालं फक्त शहर. त्याला चिकटून मेसा, टेम्पी, स्कॉट्सडेल, चांडलर, गिल्बर्ट, ग्लेनडेल, आणि पश्चिमेला सन सिटी. स्थानिक लोक या सगळ्याला मिळून ‘व्हॅली’ म्हणतात. मेसाला उपनगर म्हणायचं, पण त्याची वस्ती पाच लाखांवर, मायामी शहरापेक्षा जास्त. चांडलरहून फिनिक्सच्या डाउनटाउनला पस्तीस-चाळीस किलोमीटर. वाद्यांचं जे प्रसिद्ध संग्रहालय आहे ते शहराच्या उत्तर भागात, म्हणजे चांडलरहून पन्नासच्या वर. संध्याकाळी साडेचारला आय-१० महामार्गावर निघालात की वीस मिनिटांत फक्त भावाला शिव्या घालून होतात.

उपनगर वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांडलरमध्ये इंटेलमुळे आपली माणसं एवढी आहेत की मेथीची जुडी, इडलीचं पीठ आणि कोल्हापुरी मसाला एकाच रस्त्यावर मिळतो. आई-वडील मुलाकडे तीन महिने राहायला येणार असतील तर यापेक्षा सोयीची जागा नाही. पण फिरायला आलेल्या माणसाने तिथे काय बघायचं? एकसारखी बदामी रंगाची घरं, अंगणात हिरवळीऐवजी खडी, वसाहतीभोवती सहा फुटी भिंत आणि भिंतीच्या बाहेर सहा-सात लेनचा रस्ता.

त्या रस्त्यांबद्दल सांगतो. इथले मोठे रस्ते एकमेकांपासून बरोबर मैलभर अंतरावर आखलेत. “पुढच्या सिग्नलला दुकान आहे” म्हणजे दीड किलोमीटर. बायको एकदा दूध आणायला सकाळी नऊला निघाली. वाटेत सावली म्हणून विजेच्या खांबाची, तीही हाताच्या पंजाएवढी. सिग्नलला रस्ता ओलांडायचं बटण दाबलं तर ते धातूचं, तवा झालेलं. ओढणीचा पदर बोटाला गुंडाळून दाबलं. मग सात लेन ओलांडायला जो वेळ मिळतो त्यात भरभर चालणारा माणूस जेमतेम पोचतो. येताना दूध कोमट झालं होतं. त्या संपूर्ण रस्त्यावर तिला पायी चालणारं दुसरं माणूस दिसलं नाही.

आम्ही अकोल्याचे. उन्हाचं कौतुक आम्हाला सांगू नये. मे महिन्यात ४५ अंश आमच्याकडेही असतं, आणि कोरडंच असतं. फरक असा की अकोल्यात माणूस उन्हात जगायला शिकलेला आहे: डोक्याला दुपट्टा, दाराशी माठ, दुपारी बाजार बंद. फिनिक्समध्ये थंड घरातून थंड गाडीत आणि थंड गाडीतून थंड दुकानात. मधल्या जगाची सोय कुणी केलेलीच नाही. शिवाय डांबर आणि काँक्रीट एवढं पसरलंय की रात्रीही ते निवत नाही. जुलै २०२३ मध्ये एका रात्री तापमान ३६ अंशांच्या खाली उतरलंच नाही, आणि त्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ४३ च्या वर होता. मॅरिकोपा काउंटीने, म्हणजे फिनिक्सच्या जिल्ह्याने, त्या एका वर्षात उष्म्याने झालेले ६४५ मृत्यू नोंदवले. डांबरी रस्त्यावर पडून भाजलेले लोक इथल्या रुग्णालयांत दर उन्हाळ्यात दाखल होतात. तेव्हा ‘आम्हाला सवय आहे’ ही मिजास विमानतळावरच ठेवा. जून ते सप्टेंबर जाऊच नका. तिकीट स्वस्त दिसेल, खोल्या अर्ध्या किमतीत दिसतील. त्यामागे कारण आहे.

आता मुक्कामाचं. माझं स्पष्ट मत: नातेवाइकांकडे जेवायला जा, राहायला टेम्पी किंवा मध्य फिनिक्समध्ये लाइट रेलच्या स्टेशनजवळ जागा घ्या. ही रेल्वे २००८ च्या डिसेंबरात सुरू झाली. मेसाहून टेम्पी, विद्यापीठ, विमानतळाची हद्द करत डाउनटाउनपर्यंत येते. उत्तरेला किंवा, २०२५ पासून, दक्षिण फिनिक्सला जायचं तर डाउनटाउनमध्ये गाडी बदलायची. एका फेरीला २ डॉलर, दिवसाला ४. विमानतळावरून ४४ व्या रस्त्यावरच्या स्टेशनपर्यंत स्काय ट्रेन फुकट. मात्र ही गाडी चांडलरला जात नाही, स्कॉट्सडेलला जात नाही, गिल्बर्टलाही नाही. आणि इथे एक खास फसवणूक आहे: पूर्वेकडच्या शेवटच्या स्टेशनचं नाव ‘गिल्बर्ट रोड’. ते मेसात आहे. खरं गिल्बर्ट गाव तिथून सहा-सात किलोमीटर दक्षिणेला. आमच्या डब्यातलं एक वयस्कर जोडपं बॅगा घेऊन तिथे उतरलं आणि चहूकडे बघत राहिलं.

रेल्वेच्या कडेनेच शहराचा खरा ऐवज आहे. विमानतळाला लागून पूर्वी प्वेब्लो ग्रांदे म्हणत ते संग्रहालय आहे, २०२३ पासून त्याला ‘सेडाव वाअकी’ हे इथल्या मूळ रहिवासी ओधाम लोकांच्या भाषेतलं नाव मिळालं. प्राचीन होहोकाम लोकांनी शेकडो वर्षं इथे हातांनी कालवे खणून मका आणि कापूस पिकवला, त्या कालव्यांचे अवशेष तिथे दिसतात. एकोणिसाव्या शतकात आलेल्या वसाहतवाल्यांनी त्याच आखणीवर आपले कालवे काढले, आणि जुन्या संस्कृतीच्या राखेतून उठलेलं म्हणून गावाला राखेतून उठणाऱ्या पुराणातल्या पक्ष्याचं, फिनिक्सचं, नाव दिलं. हे बघितल्याशिवाय वाळवंटात हे गाव आलंच कुठून हा प्रश्न सुटत नाही. गर्दी अजिबात नाही. सेंट्रल ॲव्हेन्यूवरचं हर्ड म्युझियम तर मूळ रहिवाशांच्या कलेसाठी अर्धा दिवस काढून बघावं असं.

गाडी घेतलीच तर दोन गोष्टी पाठ करा.

पहिली: सेंट्रल ॲव्हेन्यूच्या पूर्वेला आकड्यांचे ‘स्ट्रीट’, पश्चिमेला आकड्यांच्या ‘ॲव्हेन्यू’. म्हणजे सेव्हन्थ स्ट्रीटही आहे आणि सेव्हन्थ ॲव्हेन्यूही, आणि दोन्हींत मैलभराचं अंतर. भावाच्या मित्राने जेवायला बोलावलं, “सेव्हन्थ आणि इंडियन स्कूलला या.” इंडियन स्कूल रोड या दोन्ही रस्त्यांना छेदतो. (या ‘इंडियन’शी आपला संबंध नाही. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायची सरकारी निवासी शाळा तिथे १८९१ ते १९९० चालली.) आम्ही ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, यजमान स्ट्रीटच्या.

हा घोळ फोन करून मिटतो. मिटत नाही ती मधली लेन. या दोन्ही सेव्हन्थ रस्त्यांच्या मधोमध पिवळ्या रेघांची एक लेन आहे. एरवी ती डावीकडे वळणाऱ्यांची. सोमवार ते शुक्रवार सकाळी ६ ते ९ ती डाउनटाउनकडे जाणाऱ्यांची, आणि संध्याकाळी ४ ते ६ बाहेर पडणाऱ्यांची. त्या वेळांत मोठ्या सिग्नलांना डावीकडे वळायलाही बंदी. हे सगळं डोक्यावर टांगलेल्या पाटीवर बारीक अक्षरात लिहिलेलं, आणि पाटी वाचेपर्यंत ती मागे गेलेली. आम्ही पावणेसहाला दक्षिणेकडे येत होतो. नकाशावाली बाई म्हणतेय डावीकडे वळा, मधली लेन रिकामी दिसतेय, आणि त्याच लेनमधून समोरून एक पिकअप ट्रक दिवे लावून सरळ आमच्या रोखाने. बायकोने डॅशबोर्ड असा धरला की नखांच्या खुणा राहिल्या असतील. आम्ही आपल्या लेनमध्ये राहिलो, वळण सोडून दिलं, तीनदा उजवीकडे वळून फेरा मारला आणि पोचलो. इथले लोक या लेनला ‘सुइसाइड लेन’ म्हणतात आणि हसतात. मला हसू आलं नाही. संध्याकाळी सहाच्या आत या दोन्ही रस्त्यांना हात लावू नका. सेंट्रल किंवा सिक्स्टीन्थ स्ट्रीटने जा, दहा मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

दुसरी गोष्ट टोलची, आणि ही वाचताना माझा आवाज चढलेला आहे असं समजा. ॲरिझोनात टोलचे रस्तेच नाहीत. एकही नाही. तरी विमानतळावरच्या गाडीवाल्याने करारात ‘टोल सुविधा’ नावाची ओळ घातली, दिवसाच्या भाड्यावर रोजची, एका माणसाच्या जेवणाएवढी. पडद्यावर आठ ठिकाणी सही करायची असते, मागे रांग असते, अठरा तासांच्या प्रवासानंतर डोळे मिटत असतात. परत करताना विचारलं, कुठला टोल? काउंटरवरचा पोरगा म्हणाला, “शेजारच्या राज्यात गेलात तर उपयोगी पडलं असतं.” आम्ही कुठेही गेलो नव्हतो, त्याच्या यंत्राला ते दिसतही होतं. पैसे परत नाहीत, कारण सही आहे. तेव्हा सही करण्याआधी ‘टोल’ हा शब्द शोधा आणि काढायला लावा. विम्याचंही तसंच: तुमच्या कार्डावर आहे की नाही ते घरून निघण्यापूर्वी बघा. जमलं तर गाडी विमानतळावर न घेता शहरातल्या शाखेतून घ्या, विमानतळाचे अधिभार वाचतात. आणि भाऊ असतानाही गाडी का घेतली, असं विचारू नका. भाऊ सकाळी सातला कामावर जातो.

स्कॉट्सडेलबद्दल सगळे भरभरून सांगतात. ओल्ड टाउन म्हणजे लोणावळ्याची चिक्कीची रांग, फक्त चिक्कीच्या जागी काउबॉय बूट आणि फिरोजाच्या अंगठ्या. तासाभरात संपतं. फुकट ट्रॉली फिरते, तिच्यात बसा, पाय वाचतील. खोलीच्या भाड्यावर वेगळी लावायच्या हॉटेलांच्या ‘रिसॉर्ट फी’ची जी जुनी रड आहे ती थोडी कमी झालीय: मे २०२५ पासून अमेरिकेत ही फी पहिल्याच किमतीत मिळवून दाखवावी लागते. पार्किंगचे मात्र आधी विचारून घ्या. याच शहरात डोंगराच्या पायथ्याशी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटने १९३७ पासून उभारलेलं स्वतःचं घर आणि कार्यशाळा, टॅलिएसिन वेस्ट, आहे, २०१९ पासून जागतिक वारसा. चांगलं आहे, वेळ आरक्षित करून जा. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. रस्त्यांवर कॅमेरे आहेत, स्कॉट्सडेलमध्ये आणि शेजारच्या पॅराडाइज व्हॅलीतही; वेग पाळा.

उपनगरांत एकच जागा मनापासून आवडली, आणि तिचं नाव कुणी घेतलं नव्हतं. गिल्बर्टचं रिपेरियन प्रिझर्व्ह. गावाचं शुद्ध केलेलं सांडपाणी तळ्यांत सोडून जमिनीत मुरवतात, त्या तळ्यांवर बगळे, ढोकरी, बदकं. प्रवेश फुकट. सकाळी सहाला जा, आठला ऊन चावायला लागतं.

कॅमलबॅक डोंगर शहराच्या मध्यावर, उंची २,७०४ फूट. एको कॅन्यनची वाट सव्वा मैलभराची, पण साधारण १,२८० फूट चढवते. मध्ये खडकात लोखंडी कठडे धरून जायचं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेक करणाऱ्याला चढ सोपा वाटेल. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, चांगल्या तळाचे बूट यावर मी बोलत नाही, ते असणारच. वाटेत पाणी नाही, सावली नाही. पार्किंग चिमुकलं, सूर्योदयाला भरतं. अति उष्म्याचा इशारा असेल त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळी पाचपर्यंत वाट बंद ठेवतात. शहराच्या संकेतस्थळावर बघून मगच अलार्म लावा. वरून सूर्योदयाला सगळी व्हॅली दिसते, चारी बाजूंना क्षितिजापर्यंत बदामी छपरं, आणि तेव्हा मी भावाला फोन करून विचारलं की यातलं वीस मिनिटांवर काय आहे ते बोट दाखवून सांग.

वर चढताना दम लागला नाही, उतरताना गुडघे बोलले. काठी घेतलीत तर बरं.

एवढं सांगूनही कुणी जुलै-ऑगस्टमध्ये जाणारच असेल तर धुळीच्या वादळाचं लक्षात ठेवा. पावसाळी हंगाम इथे १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, आणि त्यात हबूब येतं: हजारो फूट उंच धुळीची भिंत, आत शिरलात की बॉनेट दिसत नाही. गाडी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्या, थांबवा, सगळे दिवे बंद करा, ब्लिंकरसुद्धा, आणि ब्रेकवरून पाय काढा. आपल्या सवयीच्या उलट आहे हे, पण मागून येणारा तुमच्या लाल दिव्यामागे ‘रस्ता’ समजून येतो आणि धडकतो.