फोनो प्रीअँपची निवड : तानपुऱ्याच्या कसोटीवर

मंडळी, फोनो प्रीअँपचा, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीकसा सिग्नल वाढवून अँप्लिफायरला देणाऱ्या डब्याचा, शोध संपत आलाय, म्हणून आतापर्यंत कुठवर पोचलो ते लिहून ठेवतो. टर्नटेबल तेच आहे, कार्ट्रिजही (सुई बसवलेला भाग) तेच, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई. आजवर टर्नटेबलच्या पोटातल्या प्रीअँपवर भागवत होतो, आता बाहेरचा वेगळा डबा घ्यायचाय.

माझं ऐकणं बहुतेक जयपूर-अत्रौली घराण्याचं. घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्या गावात राहून वेगळं काय होणार! मोगूबाई, मल्लिकार्जुन मन्सूर, किशोरीताई. या रेकॉर्डमध्ये गायक थांबला तरी तानपुरा थांबत नाही. प्रीअँप स्वतःचं जे काही मिसळतो ते नेमकं तिथं उघडं पडतं. त्यामुळे कुठलाही डबा तपासताना मी तान ऐकत नाही, दोन आवर्तनांमधला तानपुरा ऐकतो.

पहिला शत्रू घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिच्या घरघरीत १०० आणि १५० हर्ट्झही असतात. आता गायकाचा षड्ज हार्मोनियमच्या पांढरी दोनला असेल तर तो साधारण १४६.८ हर्ट्झवर येतो. म्हणजे १५० ची घरघर त्याच्या अगदी शेजारी, आणि दोन्ही मिळून सेकंदाला तीनेक डोल तयार होतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांतली एक किंचित उतरली की ऐकू येतो तसाच डोल. मला कितीतरी दिवस तो रेकॉर्डचाच वाटत होता. आमचं घर मंगळवार पेठेतलं, वायरिंग जुनं. उद्यमनगरात वर्कशॉप असलेला मित्र म्हणाला, "भावा, डब्यावर पैसे घालायच्या आधी अर्थिंग बघ." वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घेतलं, टर्नटेबलची अर्थची तार अँप्लिफायरच्या स्क्रूला घट्ट बसवली, राउटरचा अडॅप्टर दूर हलवला. डोल जवळजवळ गेला. जे उरलंय तेवढंच आता प्रीअँपच्या नावावर.

बाकी गणित सोपं. हे कार्ट्रिज ४ मिलीव्होल्ट देतं. प्रीअँपची ४० डेसिबल वाढ म्हणजे शंभरपट, तेव्हा ४०० मिलीव्होल्ट मिळतात आणि अँप्लिफायरला ते पुरतात. डेनॉनच्या डीएल-१०३ चा मोह अजून आहे, पण ते एमसी (मूव्हिंग कॉइल) जातीचं, जेमतेम ०.३ मिलीव्होल्टचं. त्याला ६० डेसिबल, म्हणजे हजारपट वाढ लागते, आणि घरघरही त्याच पटीत वाढते. माझ्या घरच्या विजेवर हे धाडस आत्ता नको.

खरा वेळ गेला तो कपॅसिटन्समध्ये (तारा आणि इनपुटची विद्युतभार साठवायची क्षमता), आणि माझ्या मते माझ्यासारख्या एमएमवाल्यांनी (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजवाल्यांनी) सगळ्यात जास्त लक्ष इथंच द्यावं. ४७ किलोओहमचा लोड जवळपास सगळेच डबे देतात. पण व्हीएम९५ई ला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड हवेत, आणि त्या एकूणात टोनआर्मची तार, केबल आणि प्रीअँपचं इनपुट सगळं आलं. तार आणि केबल मिळून १५० धरा, प्रीअँपचे २२० असले तर ३७० झाले. कार्ट्रिजच्या कॉइलचा इंडक्टन्स ५५० मिलीहेन्री आहे. ३७० ला त्याचा रेझोनन्स (जिथं आवाज आपोआप उंचावतो ती जागा) ११ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, २०० ला १५ च्या वर जातो. म्हणजे जास्त कपॅसिटन्सला उंचवटा थेट स-श च्या आणि रेकॉर्डच्या चरचरीच्या पट्ट्यात उतरतो. जवारीची (तानपुऱ्याच्या झणझणीची) किनारही त्यानं टोचरी होते. लोक याला "डिटेल" म्हणतात, मला ते पटत नाही.

म्हणून यादीत दोनच नावं उरली. रेगा फोनो एमएम : साधा, फक्त एमएमसाठी, कुठलीही सेटिंग नाही. आणि प्रो-जेक्ट फोनो बॉक्स एस२ : खालच्या बाजूला छोटे स्विच, त्यांनी गेन (किती पट वाढवायचं ते) आणि कपॅसिटन्स बदलता येतो, शिवाय सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणारी अतिखालची कंपनं अडवणारा. पावसाळ्यानंतर माझ्या काही रेकॉर्ड वाकल्या आहेत, त्यामुळे वूफर विनाकारण डोलतो, तिथं तो फिल्टर कामाला येईल. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

ज्यांच्या टर्नटेबलमध्ये प्रीअँप आहे त्यांनी बाहेरचा जोडताना मागचा स्विच "लाइन"वरून "फोनो"वर नक्की न्या. नाहीतर आरआयएए सुधारणा (रेकॉर्ड कापताना कमी केलेला खर्ज आणि वाढवलेले वरचे स्वर पूर्ववत करणारा ठरलेला कर्व्ह) दोनदा लागते, खर्ज फुगतो आणि वरचे स्वर बुजतात. आणि स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर कुठल्याच डब्याचा निवाडा करू नका, एमएसईबीची लाइट येईपर्यंत थांबा.

७८ आरपीएमवाल्यांसाठी एक सांगतो. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्यांवरून काढलेले एलपी आरआयएएवर बिनधास्त ऐका. मूळ तबकड्या मात्र बहुतेक १९५४ च्या आधीच्या, त्यांचे कर्व्ह वेगळे आणि सुईही जाड लागते. त्यासाठी वेगळा डबा लागेल, तो विचार मी सध्या बाजूला ठेवलाय.

पुढचं काम : दुरुस्तीवाल्याकडच्या एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स-कपॅसिटन्स मोजायचं यंत्र) माझ्या केबलचा कपॅसिटन्स मोजून घेणार. १५० चा अंदाज खरा निघाला तर एस२ घेईन आणि कपॅसिटन्सचे स्विच सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवीन. कुणी व्हीएम९५ई बरोबर हीच जोडी वापरत असेल तर कुठल्या सेटिंगवर ऐकता ते जरूर कळवा.